केशवराव जेधे ह्यांचीं पक्षांतरें : एक पुनर्विचार

कै. केशवराव जेधे ह्यांच्याविषयीं बोलतांना जुन्या मंडळींच्या तोंडीं एक आक्षेप नेहमीं येतो. तो असा कीं, ह्या गृहस्थानें आयुष्यांत जितके पक्ष बदलले तितके क्वचितच कोणी बदलले असतील. ब्राह्मणेतर पक्षांत ते वाढले. १९३० सालीं काँग्रेसांत शिरले. १९४८ सालीं काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी म्हणून उभे राहिले. १९५४ सालीं पुन्हा काँग्रेसांत गेले. आणि दोन वर्षें होतात न होतात तोंच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत काँग्रेसच्या विरुद्ध बाजूस दिसूं लागले. ह्या येरझाऱ्यांचा उलगडा दोन तऱ्हांनीं करण्यांत येतो. कोणी म्हणतात, हा सर्व मानापमानाचा व जागांचा खेळ होता. दुसरे म्हणतात, हें ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचेंच निरनिराळें रूप होय. आमच्या मतें हे दोन्ही उलगडे अपुरे आहेत. तसें कां वाटतें, हें प्रस्तुत लेखांत मांडण्याचा विचार आहे.

आरंभींच साधनांविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण हा आक्षेप टिकून राहण्याचें निम्में कारण साधनांतच आहे. मुंबई कायदे कौन्सिलांतील भाषणें सरकारी खर्चानें छापलीं गेलीं, बांधलीं गेलीं आणि ग्रंथालयांच्या कपाटांत सुरक्षित राहिलीं. दिवाण कोण झाले, कोणत्या खात्याचे झाले, कोणत्या बिलावर कोणीं काय मत दिलें हें आज कोणासही काढतां येतें. उलट ज्या मंडळींनीं गांवोगांव जलसे केले, मेळ्यांचीं पदें छापून एकेक दोनदोन पैशांस विकलीं, सावकाराच्या ओट्यासमोर सभा घेतल्या, त्यांचे कागद कोणी जपून ठेवले ? पोथीला रुमाल मिळतो. हँडबिलाच्या नशिबीं वाण्याची पुडी असते. ब्राह्मणेतर चळवळींतील साप्ताहिकांचे सलग अंक मिळविण्याचा ज्यांनीं प्रयत्न केला आहे त्यांस आमच्या म्हणण्याची सत्यता पटेल. परिणाम असा होतो कीं, पक्षाचा इतिहास म्हणजे पक्षाच्या दिवाणांचा इतिहास असें नकळत समजलें जातें, आणि दिवाणांशीं जो भांडला तो पक्षाशीं फितूर झाला असें ठरून जातें.

जोतीराव फुले ह्यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन केला हें सर्वांस ठाऊक आहे. फुल्यांच्या पश्चात् (ते १८९० सालीं वारले) ही चळवळ मंदावली, पण विझली नाहीं. अहमदनगर जिल्ह्यांतील तरवडी नांवाच्या एका खेड्यांतून मुकुंदराव पाटील ह्यांनीं १९१० सालापासून 'दीनमित्र' हें पत्र चालविलें. खेड्यांत बसून शेतकऱ्याच्या भाषेंत वर्षानुवर्षें पत्र काढणें ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. पुढल्याच वर्षीं, म्हणजे १९११ सालीं, शाहू छत्रपतींच्या आश्रयानें कोल्हापुरांत समाजाचें पुनरुज्जीवन झालें व त्याचें अध्यक्षपद भास्करराव जाधव ह्यांच्याकडे आलें. तमाशाचाच बाज घेऊन, परंतु गौळणीच्या जागीं भटजी व सावकार ह्यांचीं सोंगें आणून, सत्यशोधक जलसे ह्याच सुमारास दक्षिण महाराष्ट्रांत फिरूं लागले. १९१९ ते १९२१ ह्या काळांत सातारा जिल्ह्यांतील कांहीं गांवीं कुळांनीं ब्राह्मण जमीनदारांच्या जमिनी कसण्याचें व त्यांच्या घरचीं कामें करण्याचें नाकारलें, हा त्याच प्रचाराचा परिणाम. धार्मिक विधि पुरोहितावांचून करावे ही शिकवण खेड्यांत पोहोंचतांच तिचें रूपांतर खंडाच्या व कर्जाच्या भांडणांत झालें. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील सर्व कलहाचें बीज तींतच आहे.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानें मुंबईच्या कौन्सिलांत मराठे व तत्सम जातींकरितां सात जागा राखून ठेवण्यांत आल्या. ह्या निवडणुकांच्या धामधुमींतच ब्राह्मणेतर पक्ष हा पक्ष म्हणून उभा राहिला. चळवळींतून पक्ष निघाला हें खरें. परंतु त्याचा सांचा कौन्सिलानें दिला हेंही तितकेंच खरें आहे. त्या वेळचा मतदार म्हणजे ठराविक रकमेच्या वर सारा भरणारा खातेदार. जलशासमोर रात्र रात्र बसणारा कूळ किंवा मजूर मतदारांच्या यादींत नव्हता. अर्थात् पक्षाचें बळ एका ठिकाणीं आणि मत दुसऱ्या ठिकाणीं अशी विभागणी जन्मकाळींच झाली. विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनीं १९२० च्या निवडणुकींत राखीव जागा नाकारून सर्वसाधारण जागेसाठीं उभें राहणें पसंत केलें व ते पडले. ह्या पराभवाची त्या वेळीं थट्टा झाली असली तरी राखीव जागेचें बंधन त्यांनीं ओळखलें होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

भास्करराव जाधव ह्यांच्याविषयीं येथें न्यायानें लिहिलें पाहिजे. त्यांचा जन्म १८६७ सालचा. म्हणजे जेध्यांहून ते जवळजवळ तीस वर्षांनीं वडील. ते १९२४ ते १९२६ व पुन्हा १९२८ ते १९३० असे दोनदां दिवाण झाले. प्रथम त्यांच्याकडे शिक्षणखातें होतें, नंतर शेतकी व अबकारी हीं खातीं आलीं. बहुजनसमाजांतील मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं जन्मभर खटपट केली ह्याविषयीं दुमत नाहीं. पण द्विदल राज्यपद्धतींत खात्यांची वांटणी कशी होती तें पाहावें. शिक्षण, शेतकी, अबकारी, स्थानिक स्वराज्य हीं 'सोंपीव' खातीं. जमीनमहसूल, पोलीस, न्याय हीं 'राखीव' खातीं, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या हातांतलीं. शेतकऱ्याचा दिवाण झाला, पण शेतसाऱ्याच्या दप्तराला त्याला हात लावतां येत नव्हता. खेड्यांतील कार्यकर्ता मात्र आपल्या माणसास दिवाण झालेला पाहून आतां सारा कमी होईल, सावकाराचा फांस सैल होईल अशी आशा करीत होता. त्याला उत्तर मिळे तें एवढेंच कीं, धीर धरा, शाळा काढा, नोकऱ्या मिळवा. उत्तर खोटें नव्हतें. पण ज्याच्या बैलांवर जप्ती आली आहे त्याला तें पुरेसें कसें वाटावें?

ह्या आशाभंगाला वाचा फोडली ती पुण्याच्या शुक्रवार पेठेंतील जेधे मॅन्शननें. जेध्यांचें घराणें तांब्यापितळेच्या भांड्यांच्या धंद्यांतलें, खाऊनपिऊन सुखी. वडीलबंधु बाबुराव हे शाहू छत्रपतींच्या विश्वासांतले. ह्या घरांत केशवराव (जन्म १८९६) आणि त्यांचे मित्र दिनकरराव जवळकर (जन्म १८९८) ह्यांच्याभोंवतीं तरुणांचा एक घोळका जमला. त्यांचें मुख्य हत्यार म्हणजे गणेशोत्सवांतील छत्रपति मेळा. ज्या उत्सवांतून टिळकपक्षानें लोकांस हाक दिली त्याच उत्सवांत त्याच पद्धतीचा दुसरा मेळा उभा करून टिळकपक्षावर टीका करावयाची, ही कल्पना धूर्तपणाची होती. मेळ्यांच्या मारामाऱ्या झाल्या, बंदीहुकूम निघाले. ह्या पदांच्या पुस्तिका आज दुर्मिळ झाल्या आहेत. त्यांतील भाषा शिवराळ आहे म्हणून त्या संग्रहांत ठेवूं नयेत, असें मत आम्हीं एकाहून अधिक संग्राहकांच्या तोंडून ऐकलें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. बखरींतल्या शिव्या आपण आदरानें जपून ठेवतों.

१९२५ हें वर्ष ह्या मंडळींच्या उत्कर्षाचें. त्या वर्षीं केशवराव पुणें नगरपालिकेंत निवडून आले आणि फुल्यांचा पुतळा उभारावा अशी सूचना त्यांनीं आणली. सूचना फेटाळण्यांत आली व शहरांत मोठें वादळ उठलें. त्याच वर्षीं जवळकरांचें 'देशाचे दुश्मन' हें पुस्तक निघालें. प्रकाशक केशवराव, प्रस्तावना बागडे वकिलांची, मुद्रक लाड. चिपळूणकर व टिळक ह्या दिवंगत पुरुषांवर त्यांत जी भाषा वापरली आहे ती आम्हांस त्याज्य वाटते; युक्तिवाद जेथें कमी पडला तेथें लेखकानें आवाज वाढविला आहे. चौघांवर खटला झाला, खालच्या कोर्टांत शिक्षा झाली. अपिलाचें काम तेव्हां नुकतेच वकिली करूं लागलेले डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं चालविलें आणि १९२६ सालीं चौघेही सुटले. ह्या खटल्याचा उल्लेख बहुधा ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचा कळस म्हणूनच केला जातो. आमचें लक्ष त्याच्या दुसऱ्या अंगाकडे आहे. कौन्सिलांतील ब्राह्मणेतर पुढाऱ्यांस सरकारशीं व इतर गटांशीं बोलणीं करून चालावें लागे. असल्या पुस्तकानें त्यांची पंचाईतच होणार. चळवळीची भाषा आणि दिवाणखान्याची भाषा ह्यांतील अंतर ह्या एका पुस्तकानें उघडें पडलें.

परंतु ह्या तरुणांस पुरोगामी म्हणतांना त्यांच्या मर्यादाही लपवितां कामा नयेत. मार्च १९२७ मध्यें महाडास चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. जेधे व जवळकर ह्यांनीं त्या चळवळीस पाठिंबा देऊं केला, पण दोन अटी घातल्या : सत्याग्रह अहिंसेनें चालवावा आणि चळवळींत ब्राह्मणांस घेऊं नये. आंबेडकरांनीं पहिली अट मान्य केली, दुसरी नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्यास आहे, ब्राह्मण व्यक्तीस नाहीं, अशी त्यांची भूमिका होती. जेधे-जवळकरांस ह्या वेळीं जें उमगलें नव्हतें तें पुढील वीस वर्षांत बरेंचसें उमगलें, हें लेखाच्या उत्तरार्धांत दिसेल.

पक्षांतील तेढ उघड झाली ती १९२७-२८ सालीं, आणि ती देवधर्मावरून नव्हे, तर जमिनीवरून. मुंबई सरकारनें लहान शेतांचें बिल आणलें. जमिनीचे तुकडे ठराविक मर्यादेखालीं पडूं नयेत, लहान तुकडे एकत्र करून फायदेशीर शेतें बनवावींत, असा त्याचा हेतु सांगण्यांत आला. कागदावर हेतु चांगला होता. पण ज्याच्याजवळ दोन बिघे जमीन आहे त्याला त्यांत आपली जमीन जाणार एवढेंच दिसलें, आणि तें अगदींच चुकीचें नव्हतें. आंबेडकरांनीं ऑक्टोबर १९२७ मध्यें कौन्सिलांत ह्या बिलास विरोध केला. पुण्यास १९२८ सालीं भरलेल्या शेतकरी परिषदेचे अध्यक्ष विठ्ठल रामजी शिंदे होते, आणि बिलाचा निषेध हाच त्या परिषदेचा मुख्य विषय. गांवोगांवच्या विरोधापुढें सरकारनें अखेर बिल पुढें रेटलें नाहीं. शेतकऱ्यांनीं सभा भरवून सरकारचें बिल थांबविलें, हा त्या पिढीच्या कार्यकर्त्यांस नवा अनुभव होता. आठ वर्षें कौन्सिलांत बसून जें झालें नव्हतें तें एका पावसाळ्यांत मैदानांत झालें. ज्या वर्षीं हें घडलें त्याच वर्षीं सायमन कमिशन आलें. पक्षाच्या वडीलधाऱ्या मंडळींचा कल कमिशनशीं सहकार करण्याकडे होता. तरुणांस बहिष्कार हवा होता. भास्करराव दुसऱ्यांदा दिवाण झाले तेंही ह्याच वर्षीं.

जवळकरांची कहाणी येथेंच आटोपती घेऊं, कारण ती लवकर संपली. 'कैवारी' पत्राच्या संपादनानंतर ते विलायतेस जाऊन आले. परत आल्यावर त्यांच्या लिखाणांत भटजींपेक्षां भांडवलदार व सावकार ह्यांचा उल्लेख अधिक येऊं लागला, आणि स्वतःच्या पक्षांतील बड्या जमीनदारांसही ते त्याच मापानें मोजूं लागले. त्यांनीं 'तेज' नांवाचें पत्र काढलें. १९३२ च्या मे महिन्यांत, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं ते वारले. दहा वर्षांत इतकें लिहून इतका बदललेला दुसरा लेखक ह्या चळवळींत आम्हांस आढळत नाहीं.

१९३० सालीं जेध्यांनीं कायदेभंगाच्या बाजूनें कौल दिला आणि बहुजनसमाजानें काँग्रेसांत यावें अशी हाक घातली. हेंच त्यांचें पहिलें पक्षांतर. पण त्या वर्षाचें चित्र नजरेसमोर आणावें. नोव्हेंबरांत लंडनला गोलमेज परिषद भरली. तींत भास्करराव जाधव सभासद म्हणून बसले होते. त्याच्या आधींच्या महिन्यांत सातारा जिल्ह्यांत जंगल सत्याग्रह पेटला होता; शिराळा पेट्यांतील बिळाशी गांवीं सागाच्या सोटावर लावलेल्या झेंड्याच्या रक्षणासाठीं लोक पोलिसांपुढें उभे राहिले. त्याच वर्षीं त्याच जिल्ह्यांतील एका तलाठ्यानें सरकारी नोकरी सोडली. त्याचें नांव नाना पाटील. जेथें सत्यशोधक जलसे झाले, जेथें कुळांनीं खंडासाठीं झगडा केला, तोच हा टापू. तेव्हां प्रश्न असा पडतो कीं, १९३० सालीं ब्राह्मणेतर पक्ष नक्की कोठें होता ? लंडनमध्यें कीं बिळाशींत ? पक्षाचें नांव व शिक्का ज्यांच्याजवळ राहिला त्यांस पक्ष म्हणावयाचें असेल तर जेध्यांनीं पक्ष सोडला. पण ज्या लोकांच्या बळावर तो उभा होता त्यांस पक्ष म्हणावयाचें असेल तर पक्षच जेध्यांबरोबर, किंबहुना जेध्यांच्याही आधीं, रानांत जाऊन उभा राहिला होता. ब्राह्मणेतर पक्ष ह्यानंतर झपाट्यानें निस्तेज झाला हें आमच्या म्हणण्यास पोषकच आहे.

काँग्रेसांतील पहिलीं वर्षें सौहार्दाचीं गेलीं. १९३४ च्या निवडणुकींत जेधे व न. वि. गाडगीळ हे दोघेही काँग्रेसतर्फे मध्यवर्ती कायदेमंडळांत गेले. दहा वर्षांपूर्वीं हीं दोन नांवें एका वाक्यांत आणणें कोणास सुचलें नसतें. महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचें अध्यक्षपदही पुढें जेध्यांकडे आलें. डिसेंबर १९३६ मध्यें खानदेशांत फैजपूरला, खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन झालें आणि तेथें शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम मंजूर झाला. १९३७ सालीं बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आलें. आतां द्विदल पद्धति गेली होती. जमीनमहसूल मंत्र्यांच्या हातीं आला होता. भास्कररावांस जी सबब सांगतां आली ती ह्या मंत्रिमंडळास सांगतां येण्याजोगी नव्हती. ह्या सरकारनें १९३९ सालीं कूळकायदा व कर्जनिवारणाचा कायदा केला हें मान्य केलें पाहिजे. तथापि कूळकायदा सर्व प्रांतास लागू होण्यास १९४६ साल उजाडलें, आणि खोती नष्ट करण्यासाठीं आंबेडकरांनीं १९३७ सालीं आणलेलें बिल तसेंच राहिलें. खोती कायद्यानें गेली ती १९४९ सालीं.

मधल्या काळांत साताऱ्यांत जें घडलें त्यानें खेड्यांतील कार्यकर्त्याचा आत्मविश्वास पार बदलून गेला. नाना पाटील व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९४३ पासून चालविलेल्या प्रतिसरकारनें गांवोगांव न्यायमंडळें नेमलीं, सावकारांचे व खंडाचे तंटे तोडले, हार घालून थोडक्या खर्चांत लग्नें लावलीं. शस्त्रांचा उपयोग झाल्यामुळें काँग्रेसच्या थोरांपैकीं पुष्कळांस ही चळवळ आपली म्हणवेना. पण १९४६ सालीं निवडणूक आली तेव्हां मतें ह्याच गांवांतून यावयाचीं होतीं, आणि तीं आलीं. मंत्रिमंडळ बनलें तेव्हां ह्या मंडळींस मिळालें काय ? कांहींना चिटणिशी मिळाली. त्यावर युद्धकाळापासून चालत आलेली धान्याची सक्तीची लेव्ही चालूच राहिली. शेतकऱ्याचें धान्य बांधलेल्या भावानें न्यावयाचें आणि त्याला लागणारें कापड, लोखंड, रॉकेल मात्र काळ्या बाजारांत घ्यावयास लावावयाचें, ही तक्रार त्या वेळीं पुणें, सातारा, सोलापूर, नगर ह्या सर्व जिल्ह्यांतून ऐकूं येत होती. मंत्री आतां स्वजन होते, परंतु पाटलाच्या चावडीवर लेव्हीची यादी घेऊन येणारा कारकून तोच होता.

ह्या परिस्थितींत जेधे, शंकरराव मोरे, तुळशीदास जाधव इत्यादिकांनीं काँग्रेसमध्येंच राहून शेतकरी-कामगारांचा वेगळा संघ उभारण्याचा घाट घातला. कांहीं लेखक शेतकरी कामगार पक्षाचा जन्म १९४७ सालचा धरतात, कांहीं १९४८ सालचा. दोन्ही बरोबर आहेत. पक्षाची स्वतःची परंपरा १९४७ पासून वय मोजते. परंतु काँग्रेसशीं पूर्ण फारकत झाली ती १९४८ सालीं. त्याचें कारणही नीट पाहिलें पाहिजे. काँग्रेसनें १९४८ च्या आरंभीं आपल्या घटनेंत दुरुस्ती करून वेगळी घटना, वेगळे सभासद व वेगळा कार्यक्रम असलेल्या गटांस आंत राहण्याची बंदी केली. समाजवादी मंडळी ह्याच कारणानें मार्च १९४८ मध्यें नाशिकच्या परिषदेंत बाहेर पडली. तेव्हां जेधे-मोरे 'फुटले' हें म्हणणें जितकें खरें, तितकेंच त्यांच्यामागें दार लावून घेण्यांत आलें हेंही खरें. आश्चर्य एवढेंच कीं, नवा कूळकायदा मुंबई विधिमंडळानें ह्याच १९४८ सालीं केला. बाहेर पडलेल्यांचा धाक त्याला किती कारण झाला ह्याचें माप सांगणें कठीण असलें तरी मुळींच झाला नाहीं असें आम्हीं म्हणणार नाहीं.

आतां जातीच्या उलगड्याकडे वळूं. १९४८ चें भांडण हें निव्वळ ब्राह्मण-ब्राह्मणेतर भांडण असतें तर माणसांची वांटणी त्याप्रमाणें झाली असती. ती तशी झाली नाहीं. रघुनाथ केशव खाडिलकर हे जन्मानें ब्राह्मण. ते ह्या नव्या पक्षाच्या आरंभींच्या पुढाऱ्यांत होते. नवजीवन संघटनेचे एस. के. लिमये हेही ह्याच पक्षांत आले. उलट यशवंतराव चव्हाण, ज्यांच्या घरीं सत्यशोधक चळवळीचा प्रवेश झाला होता व ज्यांनीं साताऱ्यांत भूमिगत काम केलें होतें, ते काँग्रेसांतच राहिले. वीस वर्षांपूर्वीं महाडच्या वेळीं 'ब्राह्मण नकोत' अशी अट घालणारे जेधे आतां खाडिलकरांच्या शेजारीं बसले. ज्यांस ह्या फुटींत केवळ जात दिसते त्यांनीं ह्या नांवांचा खुलासा करावा.

राहिला मानापमानाचा उलगडा. तो अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. राजकारणांत मान कोणास नको असतो? परंतु १९३० सालीं काँग्रेसमध्यें जाऊन जेध्यांस मिळणार होता तो तुरुंग, आणि १९४८ सालीं सत्तारूढ पक्ष सोडून मिळणार होतें तें विरोधी बाक. १९५२ च्या निवडणुकींत मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकीं काँग्रेसला २६९ आणि शेतकरी कामगार पक्षाला १४ मिळाल्या. मानाच्या शोधांत निघालेला मनुष्य ह्याहून सोपी वाट धरतो.

एवढ्यावर लेख संपविला असता तर आमच्यावर पक्षपाताचा आरोप आला असता, आणि तो योग्यही ठरला असता. १९५० सालीं मालेगांव तालुक्यांतील दाभाडी येथें शेतकरी कामगार पक्षानें मार्क्स-लेनिनवादाची दिशा मान्य केली. तो मसुदा 'दाभाडी प्रबंध' म्हणून प्रसिद्ध आहे आणि संग्राहकांनीं अवश्य मिळवावा असा आहे. पण त्याचा अर्थ काय लावावयाचा ह्यावर लगेच भांडण लागलें. दत्ता देशमुख, नाना पाटील आणि त्यांच्याबरोबरचे गांवपातळीवरचे पुष्कळ कार्यकर्ते ह्यांचें म्हणणें असें कीं, पुढारी प्रबंध मान्य करतात आणि वागतात मात्र जुन्याच पद्धतीनें. १९५१ सालीं हे लोक बाहेर पडले व त्यांनीं कामगार किसान पक्ष काढला. आणि ह्या वेळीं ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती ते पुढारी कोण ? जेधे व मोरे. १९२८ सालीं भास्कररावांनीं तरुण जेध्यांस जें सांगितलें असेल तेंच थोड्याफार फरकानें जेध्यांच्या तोंडून नगर-साताऱ्याच्या तरुणांस ऐकावें लागलें : घाई करूं नका, निवडणूक जवळ आली आहे, मोठ्या खातेदारांस दुखवून चालणार नाहीं. निवडणूक झाली, १४ जागा आल्या, आणि १९५४ सालीं जेधे स्वतःच काँग्रेसमध्यें परतले; मोऱ्यांनींही तीच वाट धरली. त्या परतण्याचें समर्थन आम्हांस करतां येत नाहीं. १९३० व १९४८ सालीं ते आपल्या कार्यकर्त्यांच्या मागें गेले. १९५४ सालीं त्यांना मागें टाकून गेले. शेतकरी कामगार पक्ष त्यांच्यावांचूनही टिकला, ह्यावरून त्याचें मूळ कोठें रुजलें होतें हें दिसून येतें.

म्हणून पक्षांतरांची यादी एका माळेंत ओवून त्यांवर एकच शेरा मारणें हें इतिहासाच्या पद्धतीस धरून नाहीं. प्रत्येक वेळीं कोण कोठें उभा होता, जमिनीचा निर्णय कोणाच्या हातीं होता आणि तो कोणीं लांबणीवर टाकला, हें निरनिराळें पाहावें लागतें. त्यासाठीं कौन्सिलच्या कामकाजाशेजारीं मेळ्याचीं पदें, परिषदांचीं निमंत्रणें, ठरावांचीं पत्रकें, 'दीनमित्र' व 'तेज' ह्यांचे विस्कळित अंक हेंही मांडून बसलें पाहिजे. असे कागद अजून माळ्यांवर, जुन्या छापखान्यांच्या कोपऱ्यांत आणि जलसाकारांच्या नातवंडांच्या ट्रंकांत निघतात. आमच्या सभासदांपैकीं ज्यांच्याकडे एखाददुसरें पान असेल त्यांनीं तें फाटकें आहे म्हणून टाकूं नये.

जेध्यांच्या आयुष्यांतील शेवटलें वळणही असेंच खालून आलें. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर उतरले, आणि काँग्रेसश्रेष्ठींच्या निर्णयापुढें मान तुकविण्याचें जेध्यांनीं पुन्हा एकदां नाकारलें. १९५७ सालीं ते बारामतींतून लोकसभेवर निवडून गेले, आणि महाराष्ट्र राज्य होण्यापूर्वींच, १२ नोव्हेंबर १९५९ रोजीं, वारले. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास झाली. त्या सभेचे अध्यक्ष केशवराव जेधे होते. 'देशाचे दुश्मन' प्रसिद्ध होऊन तेव्हां एकतीस वर्षें झालीं होतीं, आणि सभेची जागा होती टिळक स्मारक मंदिर.